हिरव्या डोळ्याचं मशीन

माइक तपासताना सगळं जग 'हॅलो, हॅलो, वन, टू, थ्री' म्हणतं. भागवतराव शेलार 'ऐकलं का?' म्हणायचे.

बरं, तेही साध्या आवाजात नाही. बाहेर पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याला बायको आतून हाक मारते ना, नाव घ्यायचं नाही म्हणून, तस्सा सूर. 'ऐकलं का?' एवढं म्हणून ते थांबायचे, मान जराशी तिरकी करायचे, आणि मग पुन्हा, 'ऐकलं का?' सहा फूट उंच, झुपकेदार मिशांचा, लेथवर दिवसभर लोखंड सोलणारा टर्नर आणि तोंडी हे शब्द! आम्ही ऑर्केस्ट्रावाले पोट धरधरून हसायचो. सगळ्यांत जास्त मी. लोकांना हसवणं हे माझं कामच होतं, निवेदक होतो मी. आज ते हसणं आठवलं की कुठं तोंड लपवू असं होतं. का होतं, तेच सांगायला बसलोय.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार. मी नगरला कचेरीत कारकून आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्राचा निवेदक. ऑर्केस्ट्राचं नाव सांगत नाही. त्या नावाचे ऑर्केस्ट्रे तेव्हा दर तालुक्याला एक होते आणि सगळे स्वतःला मूळचे म्हणवायचे. आमचे मालक पोपटशेठ. व्यवसायानं भुसार मालाचे अडते, हौसेनं अकॉर्डियनवाले. तालमी त्यांच्याच गोदामात. सगळीकडे ज्वारीची पोती, आणि पोत्यांना ताल-सूर काही कळत नाही. जो आवाज जाईल तो ती गिळून टाकायची.

भागवतराव मूळ मिरजगावचे, नोकरीला नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये. त्यांची विजेची गिटार त्यांनी स्वतः बनवली होती. धड सागवानी दाराच्या फळीचं, खुंट्या लेथवर कातलेल्या, आत मोटारीच्या वाइंडिंगची तार गुंडाळलेली. ती गळ्यात अडकवून ते उभे राहिले की, माणूस दार घेऊन कुठं निघालाय असं वाटायचं. वाजवायचे मात्र असं, की फिदीफिदी हसणारेसुद्धा गप्प बसत. स्वर ते सुताच्या मापानं मोजायचे. "बाई, तुमचा वरचा सूर सूतभर खाली हाय," असं आमच्या गायिकेला एकदा तोंडावर म्हणाले. बाई दोन तालमींना आल्या नाहीत. मी त्यांना समजवायला गेलो, तर हे माझ्याबरोबर आले आणि दारातच म्हणाले, "सूतभरच म्हनलं ना मी. अर्धा इंच म्हनलं असतं तर गोष्ट येगळी."

त्या काळी सिनेमाच्या गाण्यांत आवाजाला जो पडसाद असायचा, तो स्टेजवर हवा म्हणून लोक हट्ट धरायचे. मशीन नव्हतं. मग पडसाद मीच. खरंच सांगतो. मी पडद्यामागं उभा राहायचो आणि ओळीचा शेवटचा शब्द तीनदा, दर वेळी बारीक होत जाणाऱ्या आवाजात म्हणायचो. जामखेडला गायिकेच्या अंगावर दिव्यावरचं पाखरू पडलं. ती गाता गाता ओरडली, "अहो, तो दिवा बंद करा!" मी सवयीनं पडद्यामागून, "बंद करा... करा... रा..." जनरेटरवाल्यानं तीनदा हुकूम ऐकला आणि जनरेटरच बंद करून टाकला. त्या अंधारात कुणीतरी माझी चप्पलही नेली. दुसऱ्या दिवशी पोपटशेठ म्हणाले, "बास झालं. मुंबईला जा आणि इकोचं मशीन आणा."

निवडायला अर्थात भागवतराव. हिशेबी डोकं बरोबर हवं म्हणून मी.

मुंबईच्या त्या दुकानात दोन मशीनं होती. एक नवं कोरं, लहानखुरं, खाली पायानं दाबायचा खटका. आवाज असा स्वच्छ, की दुकानदारानं नुसतं खाकरून दाखवलं तरी ते गोड वाटलं. दुसरं जुनं, कुठल्याशा हॉटेलातून आलेलं. आत टेप गरागरा फिरायची, घूं घूं आवाज यायचा, तापायला पाच मिनिटं लागायची, आणि उचलायला दोन माणसं. पण त्याच्या तोंडावर एक हिरवा डोळा होता, जुन्या रेडिओंना असायचा तसा. आवाज झाला की त्यातली हिरवी पट्टी मिटायची, आवाज थांबला की उघडायची. पडसाद तीन, तर डोळ्याची उघडझाप तीन.

कुठलं घ्यायचं हे शेंबडं पोरही सांगेल. भागवतरावांनी त्यापायी सकाळचे अकरा ते दुपारचे चार घालवले. नवं मशीन त्यांनी दोन मिनिटं वाजवलं, "ब्येस हाय," म्हणाले आणि बाजूला सारलं. मग जुन्यापुढं स्टूल घेऊन बसले. खिशातून कापसाचे दोन बोळे काढून कानांत खुपसले, माइक तोंडाशी धरला आणि "ऐकलं का?" म्हणून त्या डोळ्याकडं टक लावून बघत राहिले. मग पेटीवर तळहात ठेवून पुन्हा "ऐकलं का?" मग माइक लांब धरून. मग हळू. मग दुकानाच्या दारापर्यंत मागं जाऊन, तिथून डोळा दिसतोय का ते पाहिलं.

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. "भाईसाब, कान में रुई डालके गाने का मशीन देखता है? बत्तीस साल में ऐसा गिराक नहीं देखा."

"नगर का है," मी म्हणालो, जसं काही मी अंधेरीचा.

शेवटी भागवतरावांनी कापूस काढला आणि जुन्या मशीनवर थाप मारली. "हे घ्यायचं."

"अहो, ते घोरतंय!"

"घोरू द्या. ह्याला डोळा हाय."

"लोकांनी काय डोळ्यांनी गाणं ऐकायचंय?"

  काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला वाटलं, निरुत्तर केलं गड्याला. किती खूश झालो होतो मी स्वतःवर! दुकानदारानं एवढी मेहेरबानी केली, की महिन्याच्या आत परत आणलंत तर नवं बदलून देईन म्हणाला.

तालमीत जे व्हायचं तेच झालं. गायिका म्हणाली, माझ्यामागं गिरणी चालू असल्यासारखी वाटते. तबलजी म्हणाला, तापेपर्यंत चहा होतो. पोपटशेठनी निकाल दिला, "गणपतीत शेवगावला कार्यक्रम आहे. तिथं जमलं तर ठेवू, नाही जमलं तर बदलून आणू." भागवतराव त्या दिवसापासून त्या मशीनला जीव लावून बसले. रोज ड्यूटीवरून येऊन टेप पुसायची, चाकांना थेंबभर तेल, घुंईघुंई कमी करायला खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. तसा आवाज अर्ध्यावर आणला त्यांनी, कबूल केलं पाहिजे. आम्ही केलं नाही.

शेवगावला जायच्या आदल्या दिवशी ते कचेरीत आले. एरवी कधी यायचे नाहीत. "कुलकर्णी, एक काम हुतं. पहिल्या रांगेत एक खुर्ची पायजे. मधोमध. आमची मंडळी येनार हायेत."

मला नवलच वाटलं. त्यांच्या मंडळींना आम्ही कुणी धड पाहिलं नव्हतं. नागापूरला खोलीत दोघंच, मूलबाळ नाही. संक्रांतीला आमच्या हिनं ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यांच्या घरी हळदीकुंकवाचं बोलावणं केलं, तेव्हा ही त्यांच्याकडंही गेली होती. त्या बाई नळावर पाठमोऱ्या होत्या. हिनं तीन हाका मारल्या, तर वळूनसुद्धा बघितलं नाही. ही तणतणत घरी आली. "माज तरी किती! टर्नरचीच बायको ना, कलेक्टरची तर नाही?" मी ते ऑर्केस्ट्रात सांगितलं, तिखटमीठ लावून. तेव्हापासून शेलारीणबाई म्हणजे माजोरी, हे ठरूनच गेलं.

खुर्ची मी ठेवली. मधोमध.

शेवगावला बाजारतळावर स्टेज. दिवेलागणीला माणूस मावत नव्हतं. भागवतरावांनी मशीन स्टेजच्या अगदी पुढच्या कडेला, तेही उलटं मांडलं. बटणं वाजवणाऱ्याकडं हवीत की नाही? तर यांनी तोंड लोकांकडं केलेलं. मी म्हणालो, "अहो, बटणं फिरवायला काय कोलांटी मारणार?"

"वाकून फिरवतो. तुमी नका काळजी करू."

समोर पहिल्या रांगेत त्यांच्या मंडळी बसल्या होत्या. किडकिडीत बाई, डोक्यावरून पदर, हात मांडीवर घट्ट धरलेले. ना शेजारणीशी बोलणं, ना इकडंतिकडं बघणं. डोळे नुसते त्या मशीनवर. मी मनात म्हटलं, बघा तोरा.

पडदा उघडला आणि विजेनं दगा दिला. गेली नाही, पण असून नसल्यासारखी. दिवे पिवळे पडले. मशीन काही केल्या तापेना. एक मिनिट, दोन मिनिटं. भागवतराव त्यावर वाकून बसलेले, माइक हातात घेऊन. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. "ओ दारवाले, दार उघडा की!" कुणीतरी ओरडलं. पोपटशेठ विंगेतून मला हातवारे करत होते, बोल काहीतरी, बोल!

तेवढ्यात डोळा हिरवा झाला. भागवतराव ताठ झाले, समोर बघून माइक तोंडाशी नेला. आणि मी, निवेदक ना मी, मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"मंडळी," मी म्हणालो, "हे आमचे शेलार. घरी बायकोपुढं यांचं काही चालत नाही, म्हणून इथं माइकपुढं बायकोचाच आवाज काढतात. कसा म्हणाल, तर असा." आणि कमरेला हात लावून, डोक्यावर रुमालाचा पदर घेऊन, बायकी आवाजात मी म्हटलं, "अहो, ऐकलं का?"

मशीननं कधी नव्हे ते चोख काम केलं. ऐकलं का... लं का... का...

बाजारतळ फुटला हो! माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. मला चेव चढला. "ऐकलं का? दळण आणलं का?" लं का... का... "ऐकलं का? भांडी घासली का?" ली का... का... पाच मिनिटं मी त्या माणसाला धुतला. त्यांच्या मंडळींकडं पाहिलं, तर त्या मान हलवत होत्या. एकदा, दोनदा, तीनदा. मग सगळे हसतायत हे बघून त्याही हसल्या, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनी वाजवल्या. मी म्हटलं, वा, बाई दिलदार आहे म्हणायची. भागवतराव माझ्याकडं बघतच नव्हते. ते तिच्याकडं बघत होते. मग त्यांनी गिटार घेतली आणि कार्यक्रम झाला. चांगला झाला.

परतीच्या टेम्पोत सगळे माझी पाठ थोपटत होते. "कुलकर्णी, आज तू तारलंस." भागवतराव मागं मशीनला टेकून बसले होते. मशीनला हिसके बसू नयेत म्हणून मध्ये स्वतःची पाठ दिली होती त्यांनी.

चार दिवसांनी गोदामात बैठक बसली. ठेवायचं की बदलायचं? शेवगावला मशीन चाललं होतं, घोरणंही कमी होतं. दोघंतिघं म्हणालेही, राहू द्या. पोपटशेठनी मला विचारलं. भागवतराव म्हणाले, "कुलकर्णी, तुमी तर बगितलंय समदं. राहू द्या म्हना." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं काही मागितलं असेल. आणि मी काय म्हणालो? जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही. मी म्हणालो, "डोळा असलेलं मशीन नको शेठ, कान असलेलं आणा."

गोदाम हसलं. संपला विषय.

बदलून आणायला भागवतरावच गेले, एकटे. नवं आणलं, सगळ्यांना नीट शिकवलं, खटका कसा दाबायचा ते दाखवलं. एकही वाकडा शब्द नाही. पुढं दोन कार्यक्रम वाजवले आणि मग येईनासे झाले. शिफ्ट बदलली, असा निरोप आला. गिटारीवर पोपटशेठचा भाचा उभा राहिला. आणि आम्हाला आठवण कशाची झाली? कोटाची! ऑर्केस्ट्राचा चकचकीत निळा कोट त्यांच्याकडं राहिला होता, तो भाच्याला हवा होता. आणायला मी गेलो.

दुपारची वेळ. भागवतराव कामावर. दार उघडं, आत त्या पाठमोऱ्या बसून गहू निवडत होत्या. "वहिनी," मी हाक मारली. नाही. "अहो वहिनी!" कडी वाजवली. ढिम्म. मला आमच्या हिचे शब्द आठवले आणि रागच आला. मी पुढं झालो तशी माझी सावली सुपावर पडली, आणि त्या दचकून अशा उठल्या की गहू घरभर झाले.

मला पाहिलं आणि चेहरा उजळला. "अगंबाई, भावजी! शेवगावचे भावजी!" आवाज इतका हळू, की मला पुढं वाकावं लागलं. "तोंड हिकडं करून बोला हां. मला ऐकू येत न्हाई."

मी उजेडाकडं तोंड केलं.

"दोन्ही कान गेले. छातीला धरलं हुतं, तवा इंजेक्शनं लई झाली. कुनाला सांगू नको म्हनत्यात हे. पर तुमी घरचेच." छातीचा रोग म्हणजे क्षय; तो म्हटला की त्या काळी लोक खोली रिकामी करून घेत, पाण्याला शिवू देत नसत. बरी झाल्यावरसुद्धा. मला सगळं कळलं, न कळायला काय झालं! नळावरच्या तीन हाकासुद्धा कळल्या.

"आदी कसं, मी आतून म्हनायची, ऐकलं का? हे गिटार वाजवत बसायचे, ऐकायचेच न्हाईत," त्या हसल्या. "आता ते म्हनत्यात न् मला ऐकू येत न्हाई. ते मशीन आनलं ना, तवा म्हनले, तू फुडं बस. मी सगळ्यांच्या आदी तुलाच हाक मारनार. हिरवं तीनदा मिटलं की समज, आन् मान हलव. मग मी वाजवीन, ते तू हिरव्यात बघ. शेवगावला मिटलं बगा. मी मान हलवली." मग त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "पर तवा तुमी बोलत हुता, व्हय ना? ह्यांच्या हातात माइक नव्हता."

मी मान हलवली.

"मी इचारलं ह्यांना, भावजी काय म्हनले, एवढं समदं गाव हसलं? तर म्हनले, कुलकर्णीनं माझ्या गिटारीचं लई कौतुक केलं. हौशी मानूस हाय, म्हनले. हसवून हसवून कौतुक करतो." त्यांनी पदर नीट केला. "तुमचं लई मनात राह्यलंय भावजी. ह्यांचं असं चारचौघांत कुनी केलं न्हाई कदी."

असं म्हणून त्या आत गेल्या आणि कोट घेऊन आल्या. धुतलेला, इस्त्री केलेला. एक बटण तुटलं होतं, ते लावलेलं. कोट माझ्या हातात देऊन त्या माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या, मी काय बोलतो ते वाचायला.

शेवगावच्या हजार माणसांपुढं सुरीसारखी चालणारी माझी जीभ त्या एका बाईपुढं उचलेना. कसंबसं, ओठातल्या ओठात म्हणालो, "वहिनी, माफी द्या."

"देते की," त्या लगबगीनं म्हणाल्या. "लांबून आलात उन्हाचं. मीच यडी, इचारलं न्हाई."

आणि घरभर सांडलेल्या गव्हांतून पाय चुकवत त्या आत गेल्या. माठावरचं झाकण वाजलं. घासून लखलखीत केलेलं फुलपात्र त्यांनी काठोकाठ भरून माझ्यापुढं धरलं.

पाणी. मी मागितलेली माफी त्यांना 'पाणी' अशी दिसली होती.

पुन्हा सांगायचं होतं. हळू, ओठ नीट हलवून सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं. पण मग शेवगावला मी खरं काय म्हणालो, तेही सांगावं लागलं असतं, आणि भागवतरावांनी तिला दिलेलं ते कौतुक मला परत काढून घ्यावं लागलं असतं. मी पाणी प्यालो.

"आनखी?" त्यांनी विचारलं.

मी फुलपात्र पुढं केलं.